माशाचं नाक आणि तांब्याची खाण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या हॉटेलात ‘इंडियन साल्मन’ म्हणून जो मासा आपल्या ताटात येतो, तो आपला रावस. चवीला उत्तम, पण साल्मनशी त्याचं नातंगोतं काही नाही. साहेबाला इथल्या माशात घरची आठवण झाली असावी, एवढंच. खरा साल्मन थंड पाण्याचा. आज ज्या साल्मनविषयी मला बोलायचं आहे, त्याचं नाव सॉकआय. या नावाचा ‘आय’ म्हणजे डोळ्याशी काही संबंध नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या भाषेत ‘लाल मासा’ अशा अर्थाचा एक शब्द आहे, त्याचा हा गोऱ्यांनी केलेला अपभ्रंश.

मी कविता लिहिणारा माणूस. मत्स्यशास्त्राशी माझा संबंध ताटापुरता. पण या माशाविषयी वाचायला लागलो आणि सुटका होईना. कारण हा मासा आपली वाट नाकानं शोधतो.

त्याचं आयुष्य असं. मादी नदीच्या तळाशी, गोट्यांमध्ये, शेपटीनं खळगा करते आणि तीन-चार हजार अंडी घालते. नराचं काम झालं की वर पुन्हा गोटे लोटते. हिवाळाभर वर बर्फ असतं आणि खाली गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी झिरपत राहतं. त्या पाण्यातल्या प्राणवायूवर अंडी जगतात. फटींत गाळ बसला तर गुदमरतात. पिल्लं बाहेर आली की वर्ष-दोन वर्षं गोड्या पाण्याच्या तळ्यात काढतात, मग नदीनं समुद्रात उतरतात. दोन-तीन वर्षं पॅसिफिक महासागरात हिंडून, चांगले दोन-अडीच किलोचे होऊन, परत फिरतात. कुठे? नुसतं ‘त्या प्रदेशात’ नाही, तर बहुतेक मासे ज्या ओढ्यात जन्मले, त्याच ओढ्यात. नदीत शिरले की खाणं बंद. चंदेरी अंग लालभडक होतं, डोकं हिरवं पडतं. प्रवाहाविरुद्ध चढत जायचं, अंडी घालायची आणि तिथेच मरायचं. मेलेल्या माशांवर अस्वलं, गरुड, कोल्हे जगतात. समुद्रातून माशानं अंगात भरून आणलेला नायट्रोजन नदीकाठच्या झाडांच्या लाकडात सापडतो. म्हणजे तिथल्या रानालाही समुद्राचं खत मिळतं.

आता नाकाची गोष्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्थर हॅसलर नावाचे प्राध्यापक होते. आपल्या गावाकडच्या डोंगरात चढत असताना, धबधबा अजून दिसलाही नव्हता तोच, वाऱ्यावर तिथल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि लहानपणच्या विसरलेल्या आठवणी एकदम जाग्या झाल्या. त्यांना वाटलं, माशाचंही असंच होत असेल का? वासावरून बालपण आठवणं हा कवींचा जुना धंदा. या गृहस्थांनी त्याचा प्रयोग केला. सिएटलजवळच्या एका ओढ्याला दोन फाटे होते. दोन्ही फाट्यांत परतलेले साल्मन पकडले, निम्म्यांच्या नाकपुड्यांत बोळे घातले आणि सगळ्यांना संगमाच्या खाली सोडून दिलं. नाक मोकळं होतं ते मासे बहुतेक आपापल्या फाट्याला गेले. बोळे घातलेले वाटेल तिकडे गेले. हे १९५४ सालचं. पुढे त्यांनी पिल्लांना एका रसायनाचा वास लावून सोडलं, तर मोठे झालेले मासे ज्या ओढ्यात तोच वास सोडला होता तिकडे आले. समुद्रात दिशा सांभाळायला मासा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतो असं संशोधक मानतात, पण घराच्या गल्लीत वळायचं ते वासावर.

कुराणात हजरत मूसा आणि त्यांच्या तरुण सोबत्याची गोष्ट आहे. दोन समुद्र मिळतात तिथे बरोबरचा मासा निसटून पाण्यात वाट काढत जातो, आणि मासा निसटला तीच जागा मूसांना हवी असते. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला हॅसलरांचा प्रयोग वाचताना आठवली. असो.

जगातल्या सॉकआय साल्मनपैकी जवळजवळ निम्मे एकाच ठिकाणी परततात. ते ठिकाण म्हणजे अलास्काच्या नैर्ऋत्येचा ब्रिस्टल बे हा उपसागर. नुशगाक, क्विजॅक, नॅकनेक, एगेगिक अशा नद्या त्याला मिळतात. क्विजॅक ज्यातून निघते ते इलियाम्ना हे अलास्कातलं सर्वांत मोठं तळं. त्यात गोड्या पाण्यात राहणारे सील आहेत. युपिक, डेनाइना, अलुटीक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती. साल्मनवर जगण्याची त्यांची परंपरा किमान चार हजार वर्षांची असल्याचे पुरावे आहेत. आजही उन्हाळ्यात नदीकाठी मासा चिरून, धुरी देऊन, वाळवून वर्षाची बेगमी करतात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी सुक्या मासळीची करतात तशी. फरक इतकाच, की तिथे मासा मिळाला नाही तर दुसरं काही आणायला रस्ताही नाही. बरीच गावं नुसती विमानानं आणि बोटीनं जोडलेली आहेत.

आणि हा नुसता घरचा घास नाही, मोठा धंदाही आहे. २०१९ सालच्या हिशेबानुसार तिथल्या साल्मनवर पंधरा हजार रोजगार आणि दोनशे वीस कोटी डॉलरची उलाढाल उभी होती. २०२२ साली विक्रम झाला: सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकआय परत आले. त्यांतले सहा कोटींच्या आसपास पकडले गेले आणि उरलेले अंडी घालायला वर गेले.

हे ‘उरलेले वर गेले’ आपोआप होत नाही. नदीकाठी मचाणं बांधलेली आहेत. त्यांवर माणसं बसतात आणि खालून जाणारे मासे डोळ्यांनी मोजतात. दर तासाला दहा मिनिटं या काठावर, दहा मिनिटं त्या काठावर, दिवसरात्र. त्यावरून तासाचा हिशेब. ठरलेल्या संख्येइतके मासे वर गेल्याशिवाय जाळी टाकायला पूर्ण मोकळीक नाही. मासेमारी केव्हा उघडणार, केव्हा बंद होणार, याची घोषणा डिलिंगहॅम गावच्या रेडिओवरून होते आणि कोळी बोटीत कान लावून बसलेले असतात. (आकाशवाणीवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल.) बोट बत्तीस फुटांहून लांब चालत नाही. १९५१ पर्यंत तर तिथे इंजिनाच्या बोटीलाच मनाई होती. सगळी मासेमारी शिडावर होई.

एवढी शिस्त आली ती ठेच लागूनच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मासा इतका घटला होता की धंदा बसायची वेळ आली होती. परदेशी ट्रॉलरना दूर ठेवणारी दोनशे सागरी मैलांची हद्द आणि हे मोजून सोडणं, यांमुळे तो सावरला. जे हॅमंड नावाचे तिथलेच एक लोकप्रतिनिधी पुढे अलास्काचे गव्हर्नर झाले. १९७२ साली राज्याच्या विधिमंडळानं या पाण्याला मत्स्यसंरक्षणाचा दर्जा दिला.

माशाला आणखी एक आधार आहे. प्रत्येक ओढ्याचा, प्रत्येक तळ्याचा सॉकआय थोडा वेगळा. कुणी लवकर येतो, कुणी उशिरा. कुणाला उथळ ओढा मानवतो, कुणाला तळ्याचा काठ. एखाद्या वर्षी उन्हाळा कडक गेला तर या ओढ्यातला मासा मार खातो, त्या तळ्यातला तरतो. खरीप गेलं तर रब्बी हात देते, तसं. डॅनियल शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून २०१० साली दाखवलं, की हे सगळे मासे एकाच ठशाचे असते तर मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दसपट अधिक वेळा आली असती. त्यामुळे नकाशावर क्षुल्लक दिसणारा एखादा ओढा गेला तर काय बिघडलं, हा प्रश्न विचारणाऱ्यानं आधी हा हिशेब पाहावा.

आता खाणीकडे येऊ. नुशगाक आणि क्विजॅक या दोन नद्यांच्या उगमाकडच्या ओढ्यांमध्ये, दोन्ही खोऱ्यांच्या सीमेवर, १९८० च्या दशकात तांब्याचा आणि सोन्याचा प्रचंड साठा सापडला. त्याचं नाव पेबल, म्हणजे गोटा. ज्या गोट्यांत मासा अंडी घालतो तोच शब्द खाणीला मिळाला, हा योगायोग. साठा सुमारे अकराशे कोटी टनांचा. सोन्यातांब्याचे जगातले जे मोठे अविकसित साठे आहेत त्यांतला हा एक. २००१ पासून कॅनडातली नॉर्दर्न डायनेस्टी मिनरल्स ही कंपनी त्याच्यामागे आहे.

साठा मोठा असला तरी खनिज पातळ आहे. टनभर दगडात तांबं चार किलोच्या आसपास. सोनं तर ग्रॅमच्या हिशेबात. कंपनीनं २०२० साली परवान्यासाठी जी योजना पुढे ठेवली होती, तीत वीस वर्षांत सुमारे १३० कोटी टन खनिज खणायचं होतं. त्यातून धातू काढला की बाकीचा दळलेला दगड, म्हणजे जवळजवळ सगळाच, तिथेच ठेवायचा. काही कोरडा, काही पाण्याखाली, बांध घालून.

पाण्याखाली का ठेवायचा, हे समजायला प्रयोगशाळा नको, आपलं स्वयंपाकघर पुरे. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार राहिलं की काय होतं? कळकतं. हा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असा एका क्रियापदात आहे की नाही कोण जाणे, पण आपल्या आजीला त्यातलं रसायनशास्त्र पक्कं ठाऊक होतं: आंबट आणि तांबं एकत्र आलं की तांबं विरघळून अन्नात उतरतं. म्हणून तर कल्हईवाला भाता, नवसागर आणि कथील घेऊन दारोदार फिरायचा. पेबलच्या दगडात तांबं गंधकाबरोबर बांधलेलं आहे, शिवाय लोखंड-गंधकाचं खनिजही भरपूर. तो दगड जमिनीत अखंड आहे तोवर निवांत असतो. फोडून, दळून त्याला हवा आणि पाणी लागलं की गंधकापासून आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल तांबं विरघळवतं. म्हणजे दगड स्वतःच आंबट होतो आणि स्वतःलाच कळकवतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया शेकडो वर्षं चालू राहू शकते. म्हणून हवा लागू नये यासाठी तो पाण्याखाली ठेवायचा, आणि बाहेर येणारं पाणी शुद्ध करत राहायचं.

आता नाक आणि तांबं यांची गाठ घालतो. अमेरिकी सरकारच्या सिएटलमधल्या मत्स्यसंशोधकांनी कोहो जातीच्या साल्मनवर प्रयोग केले. पाण्याच्या एक अब्ज भागांत विरघळलेल्या तांब्याचे दोन ते वीस भाग असले की पिल्लांचं नाक काही तासांतच मंद होतं. शेजारचा मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून जो धोक्याचा वास सुटतो, तो त्यांना कळेनासा होतो. मग शत्रू समोर आला तरी ती खुशाल फिरत राहतात. एक अब्जात दहा भाग म्हणजे किती? दहा हजार लिटरचे दहा टँकर भरून उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम तांबं टाका. तेवढं. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेला चालतं ते एक अब्जात दोन हजार भागांपर्यंत. म्हणजे आपण जे पाणी शुद्ध म्हणून पिऊ, त्यात माशाचं नाक केव्हाच गेलेलं असेल. त्यातून ब्रिस्टल बेच्या उगमाकडचं पाणी अतिशय मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच. क्षार असते तर त्यांनी तांब्याचा जोर थोडा मोडला असता.

यात मासा मरून पाण्यावर तरंगताना दिसणार नाही. फोटो काढण्यासारखं काही घडणार नाही. पिल्लू एखाद्या मोठ्या माशाच्या तोंडी जाईल, परतणारा मासा फाट्यावर चुकेल, आणि मचाणावरच्या माणसाच्या वहीतला आकडा वर्षागणिक थोडा कमी होत जाईल.

कंपनीचं म्हणणं होतं की आजचं तंत्रज्ञान पुढारलेलं आहे, बांध मजबूत असेल, पाणी शुद्ध करूनच सोडू. हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. इंजिनीअर मंडळी प्रामाणिकपणे काम करतात. पण ४ ऑगस्ट २०१४ रोजी शेजारच्या कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, माउंट पॉली या तांब्या-सोन्याच्या खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ क्वेनेल तळ्याच्या दिशेनं गेला. ते तळंही सॉकआयचंच. तोही आधुनिक देश आणि आधुनिक बांध होता. शिवाय अलास्का ही भूकंपाची भूमी. १९६४ साली तिथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता. परवाना वीस वर्षांचा मागायचा आणि बांध मात्र कंपनीच्या, कदाचित राज्याच्याही आयुष्यापलीकडे टिकला पाहिजे, असं हे गणित आहे. मला ते पटत नाही.

तिथल्या लोकांनाही पटलं नाही. सगळ्यांना नव्हे. इलियाम्ना तळ्याकाठच्या काही गावांत खाणीच्या बाजूची माणसं होती. तिथे तेल-दूध महाग, बारमाही काम नाही, मुलं शहरात जातात. त्यांची गरज खोटी नव्हती. पण २०१० साली सहा जमातींनी केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे अर्ज केला, की स्वच्छ पाण्याच्या कायद्यात तुम्हाला जो अधिकार आहे तो वापरा आणि आमच्या ओढ्यांत खाणीचा भराव टाकायला मनाई करा. त्यांच्याबरोबर व्यापारी कोळी आले, हौशी गळवाले आले. टिफनीसारख्या जवाहिऱ्यांनी सांगितलं, की या खाणीचं सोनं आम्ही घेणार नाही. तेल-खाणींचे कैवारी म्हणून ओळखले जाणारे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनीही ही जागा चुकीची आहे असं म्हटलं होतं. नोव्हेंबर २०१४ च्या जनमत चाचणीत तीनांपैकी जवळजवळ दोन मतदारांनी सांगितलं, की अशा खाणीला विधिमंडळाची वेगळी मंजुरी लागलीच पाहिजे. मोठ्या भागीदार कंपन्याही एकेक करून बाहेर पडल्या. अँग्लो अमेरिकन २०१३ मध्ये गेली. रिओ टिंटोनं २०१४ मध्ये आपला हिस्सा विकलासुद्धा नाही, अलास्कातल्या दोन धर्मादाय संस्थांना देऊन टाकला.

तरी प्रकरण मिटलं नाही. सरकार बदललं की वारं बदलायचं. २०१४ मध्ये प्रस्तावित झालेली मनाई २०१९ मध्ये मागे घेतली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये एका पर्यावरण संस्थेनं ध्वनिचित्रफिती बाहेर काढल्या. गुंतवणूकदार समजून कुणाशी तरी बोलताना खाणीचे वरिष्ठ अधिकारी खाण वीस वर्षांपेक्षा पुष्कळ जास्त चालेल आणि मोठी होईल असं सांगत होते. खाणीच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये लष्कराच्या अभियांत्रिकी दलानं परवाना नाकारला. हे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, हे विशेष. आणि जानेवारी २०२३ मध्ये पर्यावरण संस्थेनं शेवटी आपला तो क्वचित वापरला जाणारा अधिकार वापरून मनाई केली. सुमारे साडेआठ मैल साल्मनचे ओढे, त्यांना पाणी पुरवणारे आणखी ९१ मैल ओढे आणि दोन हजार एकरांहून अधिक पाणथळ जमीन कायमची जाईल, असा हिशेब त्यामागे होता. राज्य सरकारला ते मान्य नव्हतं. ही जमीन राज्याची, खनिजासाठीच निवडलेली, केंद्र आम्हाला अडवणार कोण, असा त्यांचा प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो थेट ऐकायला नकार दिला. मग त्याच वर्षी कंपनी आणि राज्य दोघांनीही खालच्या फेडरल न्यायालयात दावे लावले.

एक प्रश्न मात्र आपल्यालाही चुकवता येत नाही. तांबं लागतं. ज्या मायक्रोफोनवर मी हे बोललो त्याच्या तारेत तांबं, विजेच्या गाडीत तर पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. कोकणातल्या लोकांना आठवेल, १९९३ साली रत्नागिरीजवळ तांबं गाळण्याचा कारखाना यायचा होता. आंबा जाईल, मासळी जाईल म्हणून लोक उठले आणि काम थांबलं. कारखाना तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये त्याच्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन तेरा माणसं गेली. आपण ‘इथे नको’ म्हणतो तेव्हा ते कुणाच्या तरी दारात जातंच. म्हणून मी खाणकाम सरसकट बंद करा असं म्हणणार नाही. जुनं तांबं पुन्हा वितळवून वापरता येतं, त्याचा गुण जात नाही, आणि जिथे खणायचं तिथेही जागेजागेत फरक असतो. जगातला निम्मा सॉकआय जिथे जन्म घेतो त्या उगमावर खणायचं आणि ओसाड वाळवंटात खणायचं, हे एकच नव्हे.

शिवाय वेळही वाईट आहे. त्याच अलास्कातल्या युकॉन नदीत किंग साल्मन इतका घटला, की एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात सात वर्षं, म्हणजे माशाचं एक आयुष्यभर, तो न पकडण्याचा करार झाला. तिथे पेबलसारखी एखादी खाण कारणीभूत नाही. पाणी तापतं आहे, समुद्र बदलतो आहे. समुद्र आपल्या हातात नाही. उगमाकडचे ओढे आहेत.

युकॉनच्या या कराराआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, इलियाम्ना तळ्याकाठच्या पेड्रो बे या छोट्या गावानं एक व्यवहार केला. खाणीचा एक रस्ता गावाच्या जमिनीतून जाण्याचा बेत होता. गावाच्या जमातीच्या कंपनीनं एका संवर्धन संस्थेशी करार करून आपल्या चव्वेचाळीस हजार एकरांवर अशा बांधकामाचा हक्क सोडून दिला. जमीन गावाचीच राहिली, शिकार-मासेमारी चालूच राहिली. त्या करारात मुदतीच्या जागी वीस वर्षं नाहीत, ‘कायम’ असं लिहिलेलं आहे.